खिडकीजवळचं टेबल

३ फेब्रुवारी

…आणि ताई, तू काहीही म्हण, कपात आधी दूध की आधी चहा हा प्रश्न अजिबात फालतू नाहीये. "कोणाला फरक पडतो" असं तू मागच्या पत्रात लिहिलंस, तेव्हा मी दिवसभर तुझ्यावर रुसून बसले होते. मला पडतो फरक! हॉटेलच्या कोर्सच्या परीक्षेत मी यावर दोन पानं लिहिली आणि सरांनी बाजूला लाल पेनाने शेरा मारला, "प्रश्न भांड्यांच्या स्वच्छतेचा होता." आई अजून हसते.

बरं, आता बसलीयेस ना? बस. आई रिटायर झाली आणि तिच्याकडे पोहायला शिकलेल्या सगळ्यांनी मिळून तिला भेट दिली. समुद्राची सफर! मोठ्या बोटीची, दोघींसाठी! आणि ती बोट एका दुपारी कुठे थांबते, सांग बघू? तुझ्या बंदरात!! मी नकाशा बघून इतकी किंचाळले की आईला वाटलं पाल पडली अंगावर.

म्हणजे मी तुझ्या हॉटेलात चहा पिणार. केक मांडायचं ते तीन मजली स्टँड, पातळ कपांची किणकिण, समुद्राकडच्या उंच खिडक्या, सगळं. तुझी पत्रं वाचून मला त्या हॉलमधली खुर्चीन् खुर्ची पाठ झालीये. तुम्ही कामावर फोन कुलपात ठेवता ते एक बरंच आहे, नाहीतर तू मला इतकं सगळं कधी लिहिलं असतंस?

आणि मोठ्या बाईंना भेटवशील ना? प्लीज? तुमच्या चहाच्या हॉलच्या त्या मुख्य. नव्या मुलींची मुलाखत घेत नाहीत, पाहुण्यासारखं बसवून चहा पाजतात आणि त्यावरून निवडतात असं तू म्हणाली होतीस. ताई, मला तिथे काम मिळालं तर आपण दोघी एका हॉलमध्ये! मी अर्ज फोटोसकट टाकलाय.

फक्त आईच्या आवाजाचं काय करायचं ते सांग. जन्मभर तलावाच्या या काठावरून त्या काठाला ओरडलीये, "पाय मार, पाय! झोपलास का?" आता घरात मीठ मागते तरी शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात.

तुझी,
भिंगरी

१२ फेब्रुवारी

भिंगरे,

श्वास घे आधी. पत्र वाचताना मलाच धाप लागली.

मोठ्या बाईंशी बोलले. तुझा अर्ज त्यांनी पाहिलाय. त्या दुपारी खिडकीजवळचं टेबल तुझ्या नावाने ठेवायला सांगते. त्या येऊन बसतील, इकडचं तिकडचं बोलतील. बघतात काय, तर तू वेटरशी कशी बोलतेस, चमचा कुठे ठेवतेस, गप्प बसता येतं का. शेवटचं तुला जड जाणार.

आता नीट ऐक. बोटीवरून उतरताना तुमच्या छातीवर गोल स्टिकर चिकटवतात. ते काढून ये. स्टिकर दिसलं की माणूस "बोटवाला" होतो. बोट लागली की आम्ही काय करतो, माहितीये? पुढच्या हॉलमधल्या सगळ्या टेबलांवर "राखीव" अशी कार्डं मांडून ठेवतो. येणार कोणीच नसतं! बोटवाले आले की "सॉरी, आज हॉल भरलाय" म्हणायचं आणि मागच्या खोलीत न्यायचं. खिडकी भिंतीकडे उघडते तिथे. चहा सकाळीच मोठ्या पिंपात करून ठेवलेला, केक आदल्या दिवशीचे. आणि ते खूश! फोटो काय काढतात, "व्वा, काय फ्लेवर" काय म्हणतात. आम्ही नंतर आत जाऊन हसून लोळतो.

मावशीचं म्हणशील तर इतका वेळ एका जागी बसायला तिला कंटाळा येईल. हॉटेलची बाग फार छान आहे. तिला बागेत फिरू दे, तू निवांत बस. तिच्याच सोयीचं सांगतेय.

आणि मला "ढब्बूताई" म्हणू नकोस गं तिथे. इथे कोणाला माहीत नाही.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

बोटवाल्यांचं वाचून हसून मेले! पिंपातला चहा आणि "काय फ्लेवर"! मी कोर्सच्या सगळ्या मैत्रिणींना वाचून दाखवलं. बिचारे.

आईला कंटाळा येईल हेसुद्धा तुझ्या लक्षात असतं, किती गोड आहेस. पण ती काही बागेत जायची नाही. तिने या चहासाठी निळा ड्रेस शिवून घेतलाय. टेलरकडे तीनदा जाऊन आली. म्हणाली, "शाळेची सगळी वर्षं माझ्या घरात वाढली पोर. तिच्या हॉटेलात चहा प्यायला जायचं आणि मी बागेत फुलं मोजत बसू? वेडी की काय तू." तुझी आई बदल्यांच्या नोकरीत गावोगाव फिरत होती तेव्हा तू आमच्याकडे आलीस, ते आई हल्ली सारखं आठवते. तुझ्या आवडीची जाड बिस्किटंही करून घेतलीयेत, डबाभर.

आणि ती हळू बोलायची प्रॅक्टिस करतेय! खरंच. आता शेजारच्या काकूंना फक्त निम्मंच ऐकू जातं.

उद्या निघतोय. मला झोप नाही. भेटूच!

भिंगरी

२ मार्च, बोटीवरून

ताई,

हे कसं लिहू कळत नाहीये. मी चार वेळा सुरुवात करून फाडलं. तू काहीतरी कारण सांगशील आणि मी "अच्छा, असं होय" म्हणेन, याची वाट बघतेय. तोपर्यंत मी काय पाहिलं ते सांगते.

आम्ही स्टिकरं काढली होती. आईचं स्टिकर निघताना ड्रेसचा थोडा रंग उडाला, तर तिने वर ब्रोच लावला. पायऱ्या चढून आत आलो. तू समोरच उभी होतीस, काळ्या कोटात, केस वर बांधलेले, इतकी सुंदर दिसत होतीस. आणि आईचं हळू बोलणं तिथेच संपलं. "ढब्बू! अगं ढब्बू, किती वाळलीस गं!"

मला माहितीये, ते व्हायला नको होतं. सगळ्यांनी वळून पाहिलं. तुझ्या बाजूचा तो टाय घातलेला मुलगा हसला. मी तुला डोळ्यांनी सॉरीसुद्धा म्हटलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. नंतर आईकडे. आणि म्हणालीस, "नमस्कार मॅडम. बोटीवरून आलात का? सॉरी, आज हॉल भरलाय. या, इकडून."

मला वाटलं गंमत करतेयस. मी हसलेसुद्धा. तुझ्या मागे चालताना मला अजून वाटत होतं की आत्ता वळशील आणि "काय घाबरवलं!" म्हणशील. तू खोलीचं दार उघडलंस, आणि मला खिडकीतून भिंत दिसली.

आईने डबा पुढे केला. तू म्हणालीस, "बाहेरचे पदार्थ आत चालत नाहीत, मॅडम." आणि गेलीस.

मॅडम! तुझ्या वेण्या घातल्यात तिने.

ताई, तिला काहीच कळलं नाही. ती म्हणाली, "ड्यूटीवर आहे बिचारी, बोलता येत नसेल. पण बघ, आपल्यासाठी वेगळी खोली काढून दिली." शेजारच्या टेबलावर स्टिकरवाले आजोबा घोरत होते, तरी म्हणाली. चहा पिऊन म्हणाली, "व्वा, काय चव आहे!" आणि फोटो काढ म्हणाली. मी काढला. तुम्ही तेव्हा आत हसून लोळत होतात का?

तिच्या कोपराने कप पडला. वेटर एकटाच धावत होता म्हणून मी रुमालाने टेबल पुसलं आणि तुकडे ट्रेमध्ये गोळा केले. नंतर बाथरूमला जायच्या निमित्ताने पुढच्या हॉलच्या दारापर्यंत आले. सगळ्या टेबलांवर कार्डं. माणूस एकही नाही.

का?

भिंगरी

१५ मार्च

भिंगरी,

किती मनाला लावून घेतेस! तुला वाटतं तसं काही नव्हतं.

एका मोठ्या पार्टीने सगळा हॉल घेतला होता. तू पाहिलास तेव्हा ते यायचे होते. वरून मोठ्या बाई त्या दिवशी नेमक्या रजेवर गेल्या, मग खिडकीजवळ बसून तू भेटणार कोणाला? मला निरोप पाठवायला वेळच झाला नाही. आणि मावशीने दारातून नावाने हाक मारल्यावर मी काय करायचं होतं, तूच सांग. स्टाफने ओळखीच्या माणसांशी गप्पा मारायच्या नाहीत, असा नियम आहे.

ती शिकाऊची जागाही भरली गं आता. पुढच्या वर्षी बघू. तोवर तिकडेच एखादं छान कॅफे बघ.

मावशी खूश होती ना? मग झालं तर. तिला उगाच काही सांगत बसू नकोस.

ताई

२१ मार्च

स. न.

तुमचा अर्ज माझ्यासमोर आहे. बोट लागली त्या दुपारी मी खिडकीजवळच्या टेबलावर तुमची बराच वेळ वाट पाहिली. नंतर तुमच्या ताईंनी मला सांगितलं की तुम्ही बंदरात उतरलात, पण तुमचा विचार बदलला. हे काम तुम्हाला करायचं नाही. मी ते मान्य केलं.

त्या टेबलावरून उठून जाताना मी मागच्या खोलीत डोकावले होते. एक मुलगी वेटरबरोबर फुटलेला कप गोळा करत होती. तिच्यासोबत निळ्या ड्रेसमधल्या एक बाई होत्या, त्यांचा आवाज मला हॉलपर्यंत ऐकू आला होता. काल अर्जांचे फोटो चाळताना तुमचा चेहरा पाहिला आणि थांबले.

जागा अजून भरलेली नाही. मला फक्त एवढंच कळवा: तुमचा विचार खरंच बदलला होता का?

चहाच्या हॉलची प्रमुख

२४ मार्च

ताई,

रजेवर गेलेल्या मोठ्या बाईंचं पत्र आलं. त्या टेबलावर बसून माझी वाट बघत होत्या. तू एकाच दुपारी त्यांना सांगितलंस मी आले नाही आणि मला सांगितलंस त्या नाहीत. मध्ये फक्त एक भिंत होती गं.

पार्टी नव्हती. जागा भरलेली नाही. तुझं पत्र मी आता परत वाचलं, आणि त्यात एक वाक्य खरं सापडेल का म्हणून शोधलं. "मावशी खूश होती ना." हे एवढंच.

ती अजूनही खूश आहे. तलावावर जाऊन सगळ्यांना सांगून आली, "आमच्या ढब्बूने खास खोली दिली." तो फोटो तिने फ्रेम करून भिंतीवर लावलाय. मी रोज त्याच्यासमोर बसून जेवते.

बाईंनी मला विचारलंय, विचार बदलला होता का. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आता खरं सांग. एकदाच.

३१ मार्च

भिंगरी,

खरं हवंय ना? घे.

मावशीने मला कधी काही कमी केलं नाही. तुला एक फ्रॉक तर मला एक फ्रॉक. पण घरी कोणी आलं की ती म्हणायची, "ही आमची भिंगरी. आणि ही ढब्बू, बहिणीची, आपल्याकडेच असते." आपल्याकडेच असते! जसं काही कोणी छत्री विसरून गेलंय. तिच्या मनात काही नसायचं, मला कळतं. तरी दर वेळी लागायचं. आणि तू! तू खोलीत आलीस की सगळे तुझ्याकडे वळायचे. मी गोष्ट सांगत असले तरी शेवट तू सांगायचीस.

या हॉलमध्ये मला कोणी ढब्बू म्हणत नाही. इथे मी कोणाच्या घरी राहणारी नाही. लोक मला विचारून बसतात. तुला ते सगळं लिहायला मजा यायची, कारण तू लांब होतीस. मग तू येणार म्हणालीस. बाई तुझा अर्ज वाचून हसल्या, "ही मुलगी दूध आधी की चहा आधी यावर पानभर लिहिते!" मला त्यांनी इतक्या वर्षांत असं हसून कधी काही विचारलं नाही. मला तेव्हाच कळलं, महिन्याभरात मी इथेही भिंगरीची बहीण होणार.

तरी मी टेबल ठेवलं होतं, शपथ. तुला बसवणारही होते. मग मावशीने हाक मारली, आणि तो माझा ज्युनिअर हसला, आणि तोंडातून निघून गेलं. एकदा निघाल्यावर मागे कसं घेऊ? पुढचं सगळं त्याच्यावर रचत गेले.

आता तुझ्या हातात आहे. बाईंना खोटं अजिबात खपत नाही. तू खरं लिहिलंस तर मला काढतील. "हो, बदलला होता विचार" एवढंच लिही. तुला पुढे शंभर हॉटेलं आहेत. मला हे एकच आहे.

ढब्बू

७ एप्रिल

आदरणीय बाई,

उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा.

माझा विचार बदलला नव्हता. मी आईबरोबर वेळेवर आले होते. आम्हाला मागच्या खोलीत बसवण्यात आलं. फुटलेला कप माझ्या आईच्या हातून पडला होता, त्याबद्दलही सॉरी.

माझ्या ताईने असं का केलं ते तिने मला कळवलंय, पण ते मी तुम्हाला सांगणार नाही, ते आमच्या घरातलं आहे. ती तिच्या कामात फार चांगली आहे. चहाबद्दल मला जे काही कळतं त्यातलं निम्मं तिच्या पत्रांतून कळलंय. तिला काढू नका अशी विनंती आहे.

मला हे काम करायचं आहे.

आपली नम्र

१९ मे

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

तू तिकडे रुजू झालीस, पत्र मिळालं. हॉल छान आहे, बाई चांगल्या आहेत, वाचलं. खिडकीजवळच्या टेबलावर मला बसवणार आहेस तेही वाचलं. मी येणार नाही.

ढब्बूने मला सगळं लिहिलंय. एक शब्द लपवला नाही. मागच्या खोलीचं, पिंपाचं, तुम्ही दोघी त्या लोकांना हसत होतात त्याचंही. मी भिंतीवरचा फोटो काढून ठेवला. वाईट वाटलं का? वाटलं की. दोन दिवस तलावाकडे फिरकले नाही. मलाच लाज वाटत होती, मी इतकी कशी बावळट.

पण मला एक सांग. ती मला मॅडम म्हणाली, ते तिचं आणि माझं होतं. मी तिला चार शब्द सुनावले असते, तिने रडून घेतलं असतं, मिटलं असतं. तिने "आपल्याकडेच असते"चं लिहिलंय तेही आत्ता कळलं मला, इतक्या वर्षांनी. ते आधी कळलं असतं तर? तुला ते एप्रिलच्या सुरुवातीलाच कळलं. तू माझ्यासमोर ताटावर बसत होतीस. पत्रं येत होती, तू वाचत होतीस, मी विचारलं तर "काही नाही गं" म्हणत होतीस. बाईंना उत्तर टाकायच्या आधी तुला मला एकदा विचारावंसं वाटलं नाही?

काढू नका अशी विनंती केलीस म्हणे. बुडवायचं आणि वर पाय मार म्हणायचं.

त्यांनी काढलं नाही, तीच सोडून गेली. जिथे आहे तिथे बरी आहे. कुठे ते मला माहीत आहे. भिंगरीला सांगू नको म्हणाली, म्हणून सांगणार नाही. रागावून नाही लिहीत. दोन्ही पोरी माझ्याच आहेत, आणि सध्या एक जास्त एकटी आहे.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आई

२ जून

हे शेवटचं पत्र कोणालाच नाहीये. म्हणजे तुम्हाला आहे. तुम्ही इतकी सगळी पत्रं वाचलीत, म्हणून.

मी ताईचाच काळा कोट घालते, खांद्यात थोडा आत घेऊन. टाय घातलेला तो मुलगा मला विचारून पाहुणे बसवतो. मोठ्या बाई हसतात माझ्या बोलण्यावर. मला जे हवं होतं ते सगळं मिळालंय, आणि संध्याकाळी खोलीवर येऊन सांगायला कोणी नाही. आईला फोन केला की ती खरंच हळू बोलते आता. मला दोनदा विचारावं लागतं, "काय म्हणालीस?"

मला तिचा राग येतो. मॅडम तिला म्हटलं गेलं, शिळा केक तिने खाल्ला, आणि शेवटी तिने बाजू घेतली ती ताईची! मी भांडले ते तिच्यासाठीच ना? असं मी रोज स्वतःला सांगते. मग आठवतं की बाईंच्या पत्राला उत्तर लिहिताना आई बाहेरच्या खोलीत होती, आणि मी दार लोटून घेतलं होतं. तिने "नको लिहूस" म्हटलं असतं, हे मला माहीत होतं.

ताईने मला फसवलं, ते तर आहेच. त्याच्यात माझा काय दोष? पण बाईंनी सरळ विचारलं होतं, हो की नाही. खरं लिहिलं तर ताई जाणार, खोटं लिहिलं तर मी.

माझ्या जागी तुम्ही असता, तर काय लिहिलं असतं?